शेजारचा गडी

कबड्डीच्या मैदानात एका बाजूला सात गडी उभे असतात. पण बघणाऱ्याला एकच दिसतो. दम घेऊन, मांडीवर थाप मारून जो मध्यरेषा ओलांडतो, तो! आमच्या गावात तरी असेच आहे. जत्रेतल्या सामन्यात लाऊडस्पीकरवरून नाव पुकारले जाते ते चढाई करणाऱ्याचे. कुणी शंभराची नोट बक्षीस लावतो तीही त्याच्यावरच. मागे हात धरून उभे राहिलेल्या बाकीच्या सहा जणांची नावे त्यांच्या आयांना ठाऊक असतात, एवढेच.

गावात मी तो एक होतो. कॉलेजात आलो तेव्हा इथेही आपण तोच एक असणार, अशी माझी खात्री होती. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. कॉलेजात मुले नेमके काय करतात हे मला दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, आजवर नीट सांगता आलेले नाही. इतिहासात पंचावन्न गुण पडले असे सांगितले तर ते मान हलवतात आणि म्हशीला वैरण टाकलीस का म्हणून विचारतात. पण "कॉलेजच्या कबड्डी संघात घेतलं" हे मात्र त्यांना लगेच उमगले. तरुणपणी ते स्वतः हुतुतू खेळलेले. त्या रात्री ते जेवताना दोनदा हसले. तेव्हापासून माझ्या मनात एकच चित्र होते : दादा मैदानाच्या कडेला बसले आहेत आणि मी चढाई करून, तीन गडी मारून परत येतो आहे.

जिमखान्याच्या सरांनी तीन दिवस माझा खेळ पाहिला. चौथ्या दिवशी म्हणाले, "तू लेफ्ट इन. चढाईला तिसरा नंबर. आधी कुणाच्या तरी शेजारी उभं राहायला शीक."

मला ते मुळीच रुचले नाही. 'लेफ्ट इन' हा शब्दच मला रेल्वेच्या पाटीसारखा वाटला. पण संघाबाहेर बसण्यापेक्षा हे बरे, म्हणून उभा राहिलो.

वाचकहो, कबड्डी पाहिलेली असूनही ज्यांना या जागा ठाऊक नाहीत (आणि मराठी विभागात असे पुष्कळ आहेत!) त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. मधोमध मध्यरेषा, म्हणजे प्रत्येक संघाच्या वाट्याला साडेसहा मीटर खोलीचे अंगण येते. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा. चढाई करणाऱ्याने कुणाला स्पर्श केला नाही तर निदान ही रेषा तरी ओलांडलीच पाहिजे, नाहीतर तोच बाद. तिच्यापुढे आणखी एका मीटरवर बोनस रेषा. तेथून मागच्या रेषेपर्यंत उरते अवघे पावणेदोन मीटर. दोन्ही कडांना एकेक मीटरचे राखीव क्षेत्र. झटापट सुरू होईपर्यंत तिथे पाय टाकायचा नाही.

या अंगणात सात जण धनुष्यासारखे वाकडे उभे राहतात. दोन टोकांना दोन कॉर्नर. त्यांच्या शेजारी दोन इन. मग दोन कव्हर, आणि मधोमध सेंटर. वर्तमानपत्रात कोपरारक्षक, मध्यरक्षक असे छापून येते; मैदानावर आम्ही कॉर्नर आणि कव्हरच म्हणतो.

कॉर्नरचे काम सर्वांत अवघड. तो उभा असतो त्या पावणेदोन मीटरच्या पट्ट्यात. चढाई करणारा त्याच्याकडे पाय लांबवतो, आणि तो मुद्दाम लांबवू देतो. पाय खोल आला, परतायला वेळ लागणार असे दिसले, की क्षणात खाली झेपावून घोटा धरायचा. अर्धा क्षण आधी गेला तर पायाची ठोकर बसून बाद. अर्धा क्षण उशिरा गेला तर हातात नुसती धूळ. कव्हरचे काम वेगळे. तो पाय धरीत नाही, वाट धरतो. परत फिरणाऱ्याच्या समोर भिंतीसारखे उभे राहायचे, किंवा खांद्याचा धक्का देऊन त्याला मैदानाबाहेर घालवायचे. सेंटरला आणि इनला बहुधा संघाचे चढाईपटूच ठेवतात, कारण तिथे स्वतः होऊन पकड करण्याची वेळ कमी येते.

मग इन करतो काय? तो कॉर्नरचा हात धरून उभा राहतो. बस्स! निदान पहिला महिनाभर मला तरी तसेच वाटे.

हळूहळू कळले की त्या धरलेल्या हातातून बोलणे चालते. आमचा लेफ्ट कॉर्नर तेव्हा टी. वाय.ला होता. उंचीने माझ्यापेक्षा कमी, बोलायला त्याहून कमी. त्याची खूण ठरलेली होती. हात एकदा दाबला की 'थांब'. दोनदा दाबला की 'मी जातो, मागोमाग ये'. दोनदा दाबून तो माझा हात सोडायचा आणि खाली झेप घ्यायचा. पाय त्याच्या हातात आलेला असतानाच मी चढाईपटूच्या कमरेवर पडायचे. घोट्याने माणूस अडतो, पण थांबत नाही. दांडगा चढाईपटू कॉर्नरला ओढीत मध्यरेषेपर्यंत नेतो आणि नुसते बोट टेकवतो. त्याला थांबवतो तो शेजारचा गडी.

पण शेजाऱ्याला यात एक धोका असतो, आणि माझी सगळी हकीकत त्या धोक्याभोवतीच आहे. चढाईपटू पकडला गेला तर आमच्या संघाला गुण मिळतो एकच. मग धरणारे चार असोत की एक. पण तो निसटून मध्यरेषेला टेकला, तर ज्यांचे ज्यांचे अंग त्याला लागले ते सगळे बाद. कॉर्नर एकटाच असेल तर एक गडी बाद होईल. मी मदतीला गेलो असेन तर दोन. म्हणजे मदतीला जाणारा प्रत्येक वेळी स्वतःला पणाला लावतो, आणि जमले तरी पकड लिहिली जाते कॉर्नरच्या नावावर.

जगात या जागांना किती किंमत आहे हेही मी त्या वर्षी वाचून काढले; कारण मला स्वतःची समजूत घालायची होती. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाल्यापासून गडी लिलावात उभे राहतात. २०२३ च्या लिलावात चढाईपटू पवन सेहरावतला २ कोटी ६० लाखांवर बोली लागली. पण त्याच लिलावात इराणच्या मोहम्मदरझा शादलुईला पुणेरी पलटणने २ कोटी ३५ लाख मोजले, आणि तो आहे लेफ्ट कॉर्नर! आशियाई स्पर्धांत कबड्डी आली १९९० मध्ये, बीजिंगला. तेव्हापासून २०१४ पर्यंत पुरुषांचे प्रत्येक सुवर्णपदक भारताचे. २०१८ मध्ये जकार्ताला ती परंपरा तुटली. उपांत्य सामन्यात इराणने आपल्याला २७-१८ असे हरवले. आपल्यासारख्या संघाला अख्ख्या सामन्यात अठराच गुण घेऊ द्यायचे, हे काही एका चढाईपटूचे काम नव्हे. ते हातात हात धरून उभ्या राहिलेल्यांचे काम. हे सगळे वाचून मी मित्रांना ऐटीत सांगत असे, "अरे, खेळ पकडीवर असतो." तोंडाने सांगत असे. मनात मात्र लाऊडस्पीकर चालूच होता.

आता त्या सामन्याविषयी. आपल्या मैदानावर झालेला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचा उपांत्य सामना तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला आहे. प्राध्यापक मंडळीही खुर्च्या टाकून बसली होती. त्या दिवशी दादा आले होते. एस. टी.ने दीड तास प्रवास करून, धुतलेला सदरा घालून ते पहिल्यांदाच कॉलेजात आले आणि लिंबाच्या झाडाखाली उकिडवे बसले. मी त्यांना खुर्ची दाखवली, तर "तिथं सायेब लोक हाईत," म्हणून हलले नाहीत.

दुसऱ्या डावाचा शेवट आला तेव्हा आम्ही २४-२३ असे एका गुणाने पुढे होतो. आमचे चौघेच मैदानात उरले होते : लेफ्ट कॉर्नर, मी, उजवीकडचा कव्हर आणि उजवा कॉर्नर. आमचे दोन्ही मुख्य चढाईपटू बाद होऊन बाहेर बसले होते. चढाई त्यांची होती. तीस सेकंदांची ती चढाई संपली की आमच्या वाट्याला एकच चढाई उरणार होती, आणि चढाई करू शकणारा मैदानात मी एकटा होतो. हा हिशेब मी झटकन केला. इतका झटकन मी इतिहासाच्या पेपरातही कधी काही केलेले नाही.

त्यांचा चढाईपटू आला, उजवीकडे हूल दिली, मग आमच्या बाजूला वळला. त्याने पाय लांबवला. खोल, बोनस रेषेच्याही पलीकडे. माझा हात दाबला गेला. एकदा. मग पुन्हा एकदा. हात सुटला. कॉर्नरने झेप घेतली आणि दोन्ही हातांनी घोटा धरला. पकड अशी की अभ्यासाला दाखवावी.

मी गेलो नाही.

मला दिसले नाही, असे नाही. खूण कळली नाही, असेही नाही. माझ्या मनात एवढेच आले की तो निसटला तर मीही बाद होईन, आणि मग शेवटची चढाई माझ्या हातून जाईल. दादा बसले आहेत. हा विचार करायला लागतो तितका वेळ मी जागीच उभा राहिलो. उजवीकडचे दोघे धावत आले, पण मैदानाच्या त्या टोकाहून येईतो उशीर झाला. तो दांडगा गडी आमच्या कॉर्नरला पालथा ओढीत निघाला. एक मीटर, दोन मीटर, तीन मीटर. मग त्याने स्वतःला पुढे झोकून दिले आणि मध्यरेषेवर बोटे टेकवली. मी तोवर दोन पावले धावलो होतो, लोकांना दिसावे इतपत.

२४-२४. कॉर्नर उठला. कोपर आणि हनुवटी खरचटली होती. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. पंचांनी बोट दाखवले तसा बाहेर जाऊन बसला.

आणि मला माझी चढाई मिळाली! कप्तान बाहेरून ओरडत होता, "निदान रेषा ओलांड आणि परत ये!" त्याचे बरोबर होते. बरोबरी राहिली असती तर जादा वेळ मिळाला असता. पण मला लिंबाचे झाड दिसत होते. मी आत गेलो, आणखी आत गेलो, त्यांच्या उजव्या कॉर्नरकडे पाय टाकला. त्याने घोटा धरला. मी झटका दिला. पकड सुटत आली होती, खरेच सुटत आली होती. तेवढ्यात त्याच्या शेजारचा गडी माझ्या कमरेवर येऊन पडला. त्याने मागेपुढे पाहिले नव्हते. हुकला असता तर तोही बाद झाला असता, हे त्याला माझ्याइतकेच ठाऊक होते. माझे तोंड मातीत गेले. मध्यरेषा माझ्या बोटांपासून हातभर दूर होती. २४-२५. शिट्टी झाली.

इथवर सगळ्यांनी पाहिलेले आहे. पुढे जे बोलले गेले त्याविषयी मला लिहायचे आहे.

चढाईत पडलेल्याला लोक "लढला" म्हणतात आणि पकडीत हुकलेल्याला "सोडला" म्हणतात. मला त्या दिवशी पाठीवर थापा मिळाल्या. "एकटा गेलास, हिंमत केलीस!" एक प्राध्यापकही तसेच म्हणाले. आणि कॉर्नरविषयी सगळीकडे एकच वाक्य ऐकू आले : "पकड सुटली. एवढी पकड राहिली असती तर फायनल होती." हॉस्टेलवर, कँटीनमध्ये, नळावर. तीन वर्षे तो कॉलेजसाठी खेळला. लोकांच्या लक्षात राहिली ती न राहिलेली पकड. मी प्रत्येक वेळी तिथे होतो. दर वेळी मी चहाच्या कपात बघत होतो.

दादांनी स्टँडवर मला भजी खाऊ घातली. म्हणाले, "लई भारी गेलास आत." पुढच्या रविवारी गावी गेलो तर पारावर ते सांगत होते, "कोपऱ्यातल्या पोरानं हातचा गडी सोडला, न्हाईतर आमचंच पोरगं जिंकून देत हुतं." चार माणसांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिले. ज्या लाऊडस्पीकरची मी वाट पाहत होतो तो हा असा वाजला. मला तिथे बसवेना आणि उठवेना.

कॉर्नर कुणाला काही बोलला नाही. दोनदा दाबलेला हात आम्हा दोघांखेरीज कुणाला ठाऊक असणार? तो एका वाक्यात सगळे उलटे करू शकला असता. मला वाटे, तो माझ्यावर रागावून गप्प आहे. त्या गप्प राहण्याचाच मला राग येऊ लागला. अपराधी माणसाची ही एक तऱ्हा असते.

परीक्षा जवळ आल्यावर एका सकाळी मी मैदानावरून जात होतो. तो एकटाच होता. रिकाम्या मैदानात डाव्या टोकाला उभा राहायचा, शेजारी कुणी नसताना उजव्या हाताची मूठ दोनदा दाबायचा आणि खाली झेप घ्यायचा. पुन्हा उठायचा. पुन्हा मूठ दाबायचा. त्याचे कॉलेजातले सामने संपले होते. मी जवळ गेलो आणि विचारले, "आता कशाला?"

तो कपडे झटकत म्हणाला, "मी हात दाबायला उशीर केला असणार. तुला कळायला वेळच मिळाला नसेल. तेच बघतोय."

तीन महिने हा माणूस गप्प होता तो माझ्यावर रागावून नव्हे. तो स्वतःचा हात तपासत होता.

मी म्हणालो, "उशीर नव्हता केलास. दोनदा दाबलास. वेळेवर दाबलास. मला कळलं होतं." मग बाकीचेही सांगितले; शेवटची चढाई, दादा, सगळे. सांगताना माझा आवाज बरा राहिला नाही.

तो बराच वेळ बोलला नाही. फक्कीच्या पुसट रेषेवर पायाच्या अंगठ्याने माती ओढीत राहिला. मग म्हणाला, "हे तेव्हाच सांगायचं होतंस, गड्या." एवढेच. तो ओरडला असता तर मला सोपे गेले असते.

कबड्डीत बाद झालेला गडी कायमचा जात नाही. आपल्या संघाने समोरचा गडी मारला की जो आधी बाद झाला तो आधी जिवंत होऊन आत येतो. फक्त त्यासाठी मैदानात उरलेल्यांपैकी कुणीतरी काहीतरी करावे लागते. बाहेर बसलेल्याला स्वतः होऊन आत येता येत नाही. मी तेवढ्यासाठी हे लिहिले आहे. ज्यांनी ज्यांनी "पकड सुटली" असे म्हटले त्यांना सांगायचे की पकड सुटली नव्हती. शेजारचा गडी गेला नव्हता, आणि तो गडी मी होतो.

संपादक मंडळातील एकाने विचारले, "हे नाव घालून छापायचं का?" मी म्हटले, नाव घालूनच छापा. नाहीतर ही दोन पावले धावल्यासारखेच व्हायचे.

येत्या हंगामात सर चढाईचा दुसरा नंबर द्यायला तयार आहेत. मी त्यांना सांगितले आहे, द्याल तो नंबर घेईन, पण जागा लेफ्ट इनचीच द्या. नवा कॉर्नर एफ. वाय.चा आहे. अजून त्याला आमची खूण यायची आहे. पहिल्या दिवशी त्याने माझा हात इतका दाबला की बोटे दुखली.

दादांना वाचता येते, पण ओळीखाली बोट ठेवून, हळूहळू. अंक हाती आला की मी तो घरी नेणार आहे. ते वाचून होईपर्यंत शेजारी बसेन. पारावर पुढे काय सांगायचे, ते त्यांचे ते ठरवतील.